मल्लांचा श्रम आणि मर्यादा

गोव्यातील केरीहून चोर्ला घाट चढला की दख्खनचे पठार लागते. बाराव्या शतकात तेथे कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. गोव्याचे कदंब त्यांचे मांडलिक. चालुक्यनृपती तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यातील ‘मल्लविनोद’ प्रकरणात मल्लांसाठी भारश्रम, भ्रमणश्रम, जलातील सलिलश्रम, बाहूंचा श्रम व खांबावरील स्तंभश्रम असे निरनिराळे व्यायाम सांगितले आहेत. केवळ ओझी उचलून मल्ल घडत नाही, हेच त्यातून दिसते.

त्याच्याही कित्येक शतके आधी वाग्भटाने बलवंतालासुद्धा मर्यादा घातली होती. हेमंत, शिशिर व वसंतातही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा. मागाहून सर्वांगाचे सुखद मर्दन करावे. अतिश्रमाने, हत्ती ओढणाऱ्या सिंहाप्रमाणे, बलवानही नष्ट होतो. वजन वाढविण्याच्या ईर्ष्येने खांदा दुखावून घेणाऱ्या आजच्या तरुणाने ही मर्यादा ध्यानी धरावी.