पेढ्यांचा पुडा आणि दोन बादल्या

गेल्या पौर्णिमेला वाडीला जाऊन आलो. वाडी म्हणजे नृसिंहवाडी, माझं आजोळ. दर्शन झालं, आजीच्या हातचं जेवण झालं आणि निघताना नेहमीप्रमाणे पेढे, कवठाची बर्फी, बासुंदी. पुण्यात पोचेपर्यंत बासुंदीचा फडशा पडला होता :)

सोमवारी सकाळी कचरा न्यायला ताई आल्या, तेव्हा मी ओला आणि सुका अशा दोन बादल्यांपुढे उभा. हातात पेढ्यांचा तुपकट पुठ्ठा, बासुंदीचा डबा आणि प्रसादाची चकचकीत पिशवी. इंजिनिअरिंगची डिग्री असूनही काय कुठे जातं ते धड सांगता येईना. सगळं सुक्यात टाकलं. ताईंनी बादलीत डोकावून डबा बाहेर काढला. "धुऊन द्यायचा की हो. बासुंदी सगळ्या रद्दीवर सांडली. आता ही कोण घेणार?"

रात्री आजीला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आमच्याकडं हा प्रश्नच नव्हता रे. सालं गाईला, राख भांड्यांना, जुनं लुगडं वाकळंला. फुटकं पितळ मोडीत. उरलंसुरलं उकिरड्यावर, म्हंजे शेवटी शेतातच." कपडे बरे असतील तर बोहारीण भांडं देऊन न्यायची. वर्तमानपत्राच्या पुड्या व्हायच्या. निर्माल्य नदीत सोडलं तरी पानं-फुलं आणि सुती दोराच तो, विरघळून जायचा.

तेव्हा डोक्यात आलं, जुन्या घरात प्रत्येक वस्तूला कोणीतरी घेणारं ठरलेलं होतं. वस्तू टाकाऊ की नाही, हे ती कशाची आहे यावर जेवढं ठरतं तेवढंच तिला पुढे घेणारा कुणी आहे का यावरही ठरतं.

शहरात हे घेणारे कोण? कचरा वेचणाऱ्या बायका आणि भंगारवाले. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि इतरांच्या पुढाकाराने या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली. नाव ठेवलं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नाव पुन्हा एकदा वाचा. कशाला भाव येतो त्याची यादीच आहे की! याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

सरकारी नियम त्यामानाने हळूहळू आले. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली, त्यातून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले. २०२६ च्या नियमांत सॅनिटरी कचरा धरून चार भाग झाले. त्याच्या बऱ्याच आधी 'स्वच्छ'च्या बायका सांगत होत्या, की सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. कारण साधं आहे. ते उघडणारे हात त्यांचे असतात.

खरा घोळ घातला प्लॅस्टिकने. डब्याच्या बुडाशी त्रिकोण दिसला की आपण निर्धास्त होतो. तीन बाणांचं ते चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. १९८८ साली तिथल्या प्लॅस्टिक उद्योगाने तसाच त्रिकोण घेऊन आत आकडे घातले. आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, ते पुन्हा वापरात येईल असं वचन देत नाही. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, २ म्हणजे शाम्पूच्या जाड बाटलीचं, ५ म्हणजे जेवणाच्या पार्सलच्या डब्याचं. या तिघांना सहसा गिऱ्हाईक असतं, पण माल स्वच्छ हवा. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भंगारात भाव नाही.

आता माझा सोमवारचा हिशेब. बासुंदीचा डबा धुऊन, वाळवून सुक्यात. पेढ्यांच्या पुठ्ठ्याचं कोरडं झाकण रद्दीत. तुपकट तळ मात्र नाही, कारण कागदाचा लगदा पाण्यात करतात आणि तूप पाण्यात मिसळत नाही. त्या तळाला आत प्लॅस्टिकचा पापुद्रा नसेल तर फाडून खतात. राहिली चकचकीत पिशवी.

पिशवीवरून वाडीचा घाट आठवला. निर्माल्य सोडायची सवय तीच आहे, फक्त आता काहीजण ते पिशवीसकट सोडतात. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढतं, देवळात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वाराच्या पाण्यात स्नान करायला केवढी गर्दी होते! पण वरच्या गावांनी नदीत सोडलेलं सगळं त्याच पाण्याबरोबर येतं. २०१९ च्या महापुरानंतर आजीच्या परसातल्या झाडांवर पार वरच्या फांद्यांपर्यंत पिशव्या लटकत होत्या. पाणी कुठवर आलं होतं ते मोजायला वेगळी खूण लागत नव्हती.

असो. पुढच्या पौर्णिमेला बासुंदीसाठी स्टीलचा डबा घेऊन जाणार आहे. ती चकचकीत पिशवी मात्र अजून ओट्याखालीच पडून आहे. तिला घेणारा कुणी माहीत असेल तर नक्की सांगा.