शब्दवेध : सँपल

रविवारी तोरणा उतरून वेल्ह्यात आलेली मंडळी मिसळीच्या हॉटेलात शिरतात, बाकावर दाटीवाटीने बसतात आणि पहिला पाव संपायच्या आत ओरडतात, "सँपल आणा!" पोऱ्या किटली घेऊन येतो आणि न विचारता ताटली भरतो. भोरच्या एसटी स्टँडाकडेही हीच आरोळी.

सँपल म्हणजे मिसळीचा लाल तवंगाचा पातळ रस्सा. कोल्हापूरकर त्याला 'कट' म्हणतो, नागपूरकर 'तर्री'. पुण्याकडे मात्र चक्क इंग्रजी शब्द रुळला. 'सॅम्पल'चा मूळ अर्थ नमुना, मासला. लॅटिन 'एक्झेम्प्लम', त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'एसाम्पल' झालं आणि पुढे इंग्रजीत डोकं छाटून 'सॅम्पल'. म्हणजे शाळेतलं 'एक्झाम्पल' आणि ताटलीतलं सँपल सख्खी भावंडं!

नमुन्याचा रस्सा कसा झाला? माझा आपला तर्क : चवीपुरता म्हणून वरून वाढलेला रस्सा तो सँपल. चवीपुरतं मागणारं गिऱ्हाईक मात्र अजून जन्माला यायचंय.

शेजारचा 'पाव' पोर्तुगिजांचा, 'पांव'वरून आलेला. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही निव्वळ लोणकढी. 'मिसळ' तेवढी घरची, संस्कृत 'मिश्र'च्या गोतातली. खिसा हलका असेल तर तीही वगळता येते. नुसतं सँपल-पाव मागितलं तरी पोट भरतं, आणि मालकही कपाळाला आठ्या घालत नाही.