सायकलचा दिवा

ढाणकीहून उमरखेडकडे निघालेल्या सायकलस्वाराला अंधार पडल्यावर दोन गोष्टी लागतात. रस्ता दिसायला हवा आणि आपण इतरांना दिसायला हवे. पहिल्या तेलाच्या दिव्यांनी दुसरेच काम केले. कोणीतरी येते आहे, एवढे समोरच्याला कळे. पुढे कार्बाइडचे दिवे आले. वर पाणी, खाली कार्बाइडचे खडे. थेंब पडला की वायू तयार होई आणि लख्ख जळे. वास मात्र विचारू नका!

आपल्या पिढीचा दिवा म्हणजे डायनॅमोचा. टायरला घासत फिरणारी ती बाटली साधारण 6 व्होल्ट, 3 वॅटची, त्यातले 2.4 वॅट पुढच्या दिव्याला, 0.6 मागच्याला. तेल नको, सेल नकोत. पण चढावर पाय भरून येत, उजेड पिवळा पडे आणि सायकल थांबली की गुडुप. वळण्यासाठी रस्त्याच्या मधोमध थांबलेल्या माणसाला दिव्याची खरी गरज, आणि नेमका तेव्हाच तो विझलेला.

1990च्या दशकात निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा उजेड मिळाला. त्या शोधाला 2014 साली नोबेल मिळाले. आता थांबल्यावरही दिवा जळतो. तो घेताना लोक दुकानात भिंतीवर पाडून बघतात, किती लख्ख आहे ते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, म्हणून त्याचे तोंड खाली रस्त्याकडे ठेवावे. आणि पैसे एकाच दिव्याचे असतील, तर मी आधी मागचा लाल घेईन. हंगामात मागून उसाची ट्रॉली येते. ट्रॅक्टरवाल्याला आपली फक्त पाठ दिसते.