नीरेच्या पाटावरील ऊस आणि काणी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात आज जो ऊस उभा दिसतो, त्याला येथे आणले पाण्याने, आणि पाणी आणले दुष्काळाने. कारण १८७६-७७ च्या दुर्भिक्षात उपाशी मजुरांस काम मिळावे म्हणून सरकारने हाती घेतलेला नीरेचा डावा कालवा पुढे १८८५ च्या सुमारास वाहू लागला, आणि ज्या खातेदारांची सारी मदार बाजरी-ज्वारीवर होती त्यांच्या बांधावर पाटकऱ्याची पाळी आली.

पाण्यामागून त्याचे दोषही आले. हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर निबंध लिहिला, तो आजही वाचण्याजोगा आहे. तत्पूर्वी विश्वेश्वरय्यांनी येथे ब्लॉकपद्धत बसविली होती: ठराविक क्षेत्राला पाण्याची हमी, त्यातल्या मर्यादित भागातच ऊस, बाकीत अन्य पिके, आणि फेरपालट. हा हुकूम पाण्याच्या हिशेबासाठी निघाला, वनस्पतिरोगांचा विचार त्यात नव्हता. तथापि उसामागे ऊस पडू न देणारी ती तजवीज रोगनिवारणाच्याही उपयोगाची होती, असे माझे मत आहे.

त्या काळी पाटावर असलेला पुंड्या ऊस जाड, मऊ आणि रसाळ. गुऱ्हाळाला तो प्रिय, पण नाजूक. कोइमतूरच्या ऊस-पैदास केंद्रात वेंकटरामन यांनी जाड उसाचा संकर रानटी काश गवताशी घडवून, गवताचा काटकपणा उसाच्या अंगी उतरविण्याचा जो मार्ग घालून दिला, त्याच परंपरेत निपजलेला को ४१९ दख्खनच्या पाटांवर पसरला. १९३२ साली स्थापन झालेल्या, सातारा जिल्ह्याच्या हद्दीतील पाडेगाव संशोधन केंद्राने अशा वाणांची पारख चालविली. मागाहून को ७४० गाजला. परंतु चाबूक काणीपुढे तो हरला. या रोगात शेंड्यातून काळा, चाबकासारखा लांब कोंब निघतो, त्यावरील भुकटी वाऱ्याने फडभर उडते. आणि रोगट बेणे किंवा खोडवा राखणे म्हणजे शत्रूला घरात जागा देणे. बेणे ५० अंश उष्ण पाण्यात दोन तास ठेवण्याचा उपाय आहे, परंतु तो दरसाल करावा लागतो; प्रतिकार वाणातच असला तर बरे.

हा प्रतिकार हेरण्याची जुनी रीत अशी, की टिपऱ्या काणीच्या भुकटीच्या द्रावणात बुडवून लावायच्या आणि महिनोन्महिने कोंब मोजायचे. याच कठोर पारखीतून निभावलेल्या को ८६०३२ ला १९९६ साली ‘नीरा’ हे नाव मिळाले. पुढे २००७ साली दोनशे पासष्ट क्रमांकाचा वाण आला, तो खारवट जमिनीतही तग धरतो, म्हणून कोऱ्हाळ्यासारख्या गावांना त्याचे विशेष अगत्य.

आता जनुकखुणांचे युग आले आहे: रोपाला रोगाची लागण करण्यापूर्वीच पानाच्या तुकड्यातून प्रतिकाराची खूण शोधायची. भातात हे सुकर झाले. हैदराबादेत सांबा मसुरी या भातवाणात जिवाणूजन्य करप्याविरुद्धची तीन जनुके अशाच खुणांनी बसवून सुधारित वाण २००८ साली निघाला. पण भाताची गुणसूत्रे चोवीस, उसाची शंभरावर, आणि तीही अनेक पूर्वजांची मिसळ. तांबेऱ्याला रोखणाऱ्या ‘ब्रू-१’ सारखी एखादीच खूण भरवशाची सापडते. म्हणून नव्या वाणाच्या टिपऱ्या काणीच्या भुकटीत बुडविण्याचे काम अद्याप टळलेले नाही.