लाल पट्टीचा नकार

छायाचित्रणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा छायाचित्रकारांच्या नावांनी लिहिला जातो. कॅमेऱ्याची साक्ष सहसा कोणी काढत नाही. ती काढायला हवी, हे आमच्या ध्यानात आले ते एक जुना कॅमेरा विकत घेऊन दुरुस्त करून घेताना.

मुंबईच्या चोरबाजारात आम्हांला ऑलिंपस ट्रिप ३५ मिळाला. जपानमध्ये १९६७ साली निघालेला हा छोटेखानी कॅमेरा १९८४ पर्यंत तयार होत होता. प्रवासाला निघालेल्या हौशी माणसासाठी तो घडवलेला. त्याला बॅटरीही लागत नाही. भिंगाभोवतीच्या खडबडीत काचेच्या कड्याआड सेलेनियमचा घट असतो. प्रकाशाने सेलेनियमच्या विद्युतगुणांत फरक पडतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ साली नोंदवले होते. तेव्हा ते समुद्राखालील तारांच्या चाचण्यांसाठी हा पदार्थ वापरत होते. ट्रिपमध्ये घटातला क्षीण प्रवाह एक काटा हलवतो. बटण दाबताच काटा जागीच पकडला जातो आणि त्यावरून ॲपर्चर किती उघडावे, शटरचा वेग १/२०० सेकंद असावा की १/४०, हे ठरते.

आणि प्रकाश अपुरा असला तर? डोळा लावायच्या खिडकीत लाल पट्टी वर येते, बटण अडते. कॅमेरा चित्र घ्यायला चक्क नकार देतो. जुन्या ट्रिपची पारखही या नकारावरच होते: काचेचे कडे तळहाताने झाकून बटण दाबावे, पट्टी आली पाहिजे, भर उजेडातही ती येत राहिली, तर घट गेला असे समजावे.

आमच्या कॅमेऱ्याचा घट जिवंत होता. ॲपर्चरची पाती मात्र जुन्या तेलाने चिकटली होती आणि मागच्या झाकणाच्या खाचांतल्या स्पंजाचा काळा लगदा झाला होता. कारागिराने भिंगाचा पुढचा भाग सोडवण्यापूर्वी फोकसची खूण करून घेतली; ती हुकली की पुढचे प्रत्येक चित्र धूसर. पाती धुऊन निघाली, स्पंजाच्या जागी काळी लोकर बसली.

दुरुस्त कॅमेरा घेऊन आम्ही १०० आयएसओच्या मापावर घरभर फिरलो. अंगणात बटण दबले, खिडकीशीही दबले. माजघरात पट्टी आली. स्वयंपाकघरात तर तिने हटायचे नावच घेतले नाही.

आता जुने कौटुंबिक अल्बम आठवावेत. माणसे अंगणात, गच्चीवर, सहलीच्या ठिकाणी उभी असतात. चुलीपुढची, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली, दिवेलागणीची माणसे क्वचितच भेटतात. ही उणीव आपण घरातल्या प्रतिष्ठेच्या आणि श्रमाच्या वाटणीवरून वाचतो. ते वाचन योग्यच आहे, परंतु पुरेसे नाही. कोणाला दाखवायचे हे जसे घर ठरवत होते, तसे कोण दिसू शकेल हे यंत्रही ठरवत होते. आणि दोघांचे निर्णय पुष्कळदा एकाच खोलीच्या दाराशी येऊन थांबत होते. ट्रिपला फ्लॅश जोडता येत होता, ॲपर्चर हाताने लावायचीही सोय होती, हे खरे. पण असा कॅमेरा घेणारा या उठाठेवीतून सुटका व्हावी म्हणूनच तो घेत असे.

म्हणून अल्बममधील अनुपस्थितीचा अर्थ लावण्याआधी त्या घरात कॅमेरा कोणता होता, हेही विचारले पाहिजे. हस्तलिखित वाचताना लेखनिकाच्या सवयी आपण लक्षात घेतोच. इथे सेलेनियम हा एक लेखनिक आहे.

शेवटी आम्ही ४०० आयएसओची फिल्म भरली, कडे ‘ए’वरून २.८ वर आणले आणि स्वयंपाकघरात बटण दाबले. चित्र काळपट आले, पण आले.