हसवणारा वायू आणि कायद्याची पंचाईत

आज नायट्रस ऑक्साइडचा इतिहास पाहू. लोक त्याला ‘लाफिंग गॅस’, म्हणजे हसवणारा वायू म्हणतात.

१७९९ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला हम्फ्री डेव्हीने हा वायू स्वतः हुंगून पाहिला. याने वेदना शमतात, शस्त्रक्रियेत उपयोग होऊ शकेल, असे त्याने पुढच्याच वर्षी छापून ठेवले. तरी ४० हून अधिक वर्षे लोकांनी तो मुख्यतः करमणुकीसाठीच वापरला. १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत हार्टफर्ड गावी अशाच एका जाहीर खेळात, वायू हुंगलेल्या एकाच्या पायाला जखम झाली आणि त्याला पत्ताच लागला नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दंतवैद्य होता. दुसऱ्याच दिवशी त्याने वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. म्हणजे आधी तमाशा, मग औषध.

आज हाच वायू दंतवैद्याकडे असतो आणि क्रीम फुलवायच्या छोट्या नळकांड्यांतही असतो. मग बंदी घालायची कशावर? अमेरिकेत राज्याराज्यांनी वेगवेगळी वाट धरली. कॅलिफोर्नियाने हेतू पकडला: नशेसाठी हुंगायच्या इराद्याने जवळ बाळगणे हा गुन्हा. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये वय पकडले: २१ वर्षांखालच्यांना नळकांडी विकायची नाहीत, पहिल्या चुकीला २५० डॉलरपर्यंत दंड. लुइझियानाने २०२४ मध्ये किरकोळ विक्रीवरच बंदी आणली.

न्यूयॉर्कमध्ये पुढे घोळ झाला. २०२२ मध्ये काही दुकाने तयार क्रीमच्या डब्यासाठीही ओळखपत्र मागू लागली. कायदा मांडणाऱ्या सिनेटरला खुलासा करावा लागला, की बंदी डब्यांवर नाही, नळकांड्यांवर आहे. फौजेत आम्हाला पहिला धडा हाच होता: हुकमाचा अर्थ शेवटच्या जवानापर्यंत एकच पोचला पाहिजे.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वारंवार हुंगल्याने शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी होते, मज्जारज्जूला इजा होते. हातापायांना मुंग्या येतात, चाल बिघडते. धडधाकट तरुणाला आधाराशिवाय चालता येईनासे होते.

म्हणून माझे मत सांगतो. मनातला हेतू कोर्टात सिद्ध करावा लागतो, तोही वायू हाती आल्यानंतर. वय मात्र दुकानदार गल्ल्यावरच तपासू शकतो. २१ च्या पुढच्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे खरे; पण नाकेबंदी वाटेवर करायची असते, चोर घरात शिरल्यावर नव्हे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!