ब्लूमबर्ग, बारूक सॅम्युएल

(२८ जुलै १९२५ – ५ एप्रिल २०११). अमेरिकन वैद्यक व जीवरसायनशास्त्रज्ञ. ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूचा शोध आणि तिच्यावरील पहिली लस यांसाठी प्रसिद्ध. संसर्गजन्य रोगांच्या उगमासंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९७६ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डॅनिएल कार्लटन गायडुसेक यांच्यासमवेत मिळाले.

जन्म न्यूयॉर्कमध्ये. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. युनियन कॉलेजातून भौतिकीची पदवी (१९४६) घेतल्यावर ते काही काळ गणिताकडे गेले, मग वैद्यकाकडे वळले आणि कोलंबिया विद्यापीठाचे एम.डी. झाले (१९५१). विद्यार्थिदशेत सुरिनाममधल्या मोएंगो या खाणगावी त्यांनी काही महिने काम केले. तिथे नाना देशांतून आलेले मजूर एकाच परिसरात राहत, तरी हत्तीरोगाची लागण सर्वांना सारखी होत नसे. एकच रोग एकाला गाठतो आणि दुसऱ्याला सोडतो तो का, हा प्रश्न त्यांच्या मनात तिथे रुजला. १९५७ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

ब्लूमबर्ग काविळीचा विषाणू शोधायला निघालेच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक फरक कोणते, एवढेच त्यांना पाहायचे होते. ज्या रुग्णांना वारंवार दुसऱ्यांचे रक्त चढवले जाते, त्यांच्या शरीरात अनोळखी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असणार, हा त्यांचा तर्क. म्हणून अशा रुग्णांचा रक्तरस जगभरातून जमवलेल्या नमुन्यांशी आगर जेलमध्ये ताडून पाहिला जाई. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हीमोफिलियाग्रस्ताच्या रक्तरसाने चोवीस नमुन्यांपैकी एकाशीच प्रतिक्रिया दाखवली. तो नमुना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीचा होता. हार्वे ऑल्टर यांच्या सहकार्याने केलेल्या या कामात सापडलेल्या प्रतिजनाला, म्हणजे प्रतिपिंड ज्याच्याशी जुळले त्या प्रथिनाला, ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ हे नाव पडले.

तो सामान्य अमेरिकनांत क्वचितच आढळे, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत मात्र बराच. तेव्हा कर्करोगाकडे नेणारी ही आनुवंशिक खूण असावी, असे ब्लूमबर्ग यांना वाटले. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना त्या कर्करोगाचा धोका अधिक, म्हणून त्यांची तपासणी झाली आणि प्रतिजन मुबलक सापडला. गृहीतक सिद्ध झाल्यासारखे दिसले. पण गर्दीच्या मोठ्या संस्थांत राहणाऱ्यांत तो जास्त आणि नवजात अर्भकांत जवळजवळ नाहीच, हे आनुवंशिकतेत बसेना. १९६६ मध्ये फिलाडेल्फियातील एका डाऊन रुग्णाचे आधी प्रतिजनरहित असलेले रक्त नंतर प्रतिजनयुक्त निघाले. मधल्या काळात त्याला यकृतदाह झाला होता. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ आजारी पडली. तिने स्वतःचेच रक्त तपासले, त्यात प्रतिजन दिसला आणि मग तिला कावीळ झाली. आनुवंशिक खुणेचे गृहीतक सोडून ब्लूमबर्ग यांनी प्रतिजनाचा संबंध काविळीशी जोडला. लाडके गृहीतक सोडून पुराव्यामागे जाण्याची ही तयारीच त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. तो प्रतिजन म्हणजे ‘ब’ विषाणूचे बाह्य कवच, हे इतरांच्या संशोधनातून लवकरच पक्के झाले आणि रक्तदात्यांची चाचणी सुरू होऊन रक्तातून होणाऱ्या काविळीला आळा बसू लागला.

हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, त्यामुळे लशीची नेहमीची वाट बंद होती. ब्लूमबर्ग आणि अर्व्हिंग मिलमन यांनी आडवाट काढली. रोगवाहकांच्या रक्तात विषाणूची रिकामी कवचे प्रचंड संख्येने फिरतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून लस म्हणून टोचायची. रोग्याच्या रक्तातून रोगाची लस, ही कल्पना त्या काळी अनेकांना पटण्यासारखी नव्हती. १९६९ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला. मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी निर्मितीची प्रक्रिया बसवली, वुल्फ श्मुनेस यांच्या न्यूयॉर्कमधील चाचणीत लस परिणामकारक ठरली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. १९८६ पासून यीस्टमध्ये जनुक घालून केलेली लस आली व मानवी रक्ताची गरज उरली नाही. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वतःची लस बाजारात आणली.

दीर्घकाळच्या ‘ब’ संसर्गातून यकृताचा कर्करोग होतो, म्हणून ही लस एका परीने कर्करोगाचीही ठरली. १९८४ मध्ये तैवानने अर्भकांना ती देण्यास सुरुवात केल्यावर तिथल्या मुलांतील यकृत-कर्करोगाचे प्रमाण घटले. मात्र आधीच लागण झालेल्यांना तिचा उपयोग नाही. म्हणून आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्यासाठी पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांत देतात.

ब्लूमबर्ग १९६४ पासून फिलाडेल्फियाच्या कर्करोग संशोधन संस्थेत होते. पुढे ते बेलिअलचे मास्टर (१९८९–९४) आणि नासाच्या खगोलजीवशास्त्र संस्थेचे संचालक झाले. काविळीच्या शोधाची हकिकत त्यांनी २००२ च्या पुस्तकात सांगितली आहे. त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात चंद्रसंशोधनावरील परिषदेत भाषण केल्यानंतर त्यांचे निधन झाले.